पन्नाशीनंतरचा अबोला

पुण्याच्या बुधवार पेठेत काय मिळत नाही, असे कोणी विचारले तर जुना पुणेकरही क्षणभर विचारात पडेल. अप्पा बळवंत चौकात अंकलिपीपासून स्पर्धापरीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांपर्यंत सारी विद्या गठ्ठ्यांनी बांधून मिळते. तापकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तांबडी जोगेश्वरीच्या आणि दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ वर्षभर तुटत नाही. १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर याच पेठेतले. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली, तो भिडेवाडाही याच पेठेतला. अशा या संपन्न पेठेत साठी उलटलेल्या गृहस्थाला मात्र एक गोष्ट सहजी मिळत नाही. ती म्हणजे गरज लागताच गाठता येईल अशी स्वच्छ मुतारी. ज्याला तिची गरज तासातासाला भासते, तो नातवाबरोबर पुस्तके घ्यायला येण्याचे टाळतो, लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी मुलावर सोपवतो आणि हल्ली गर्दी सोसत नाही, असे घरी सांगतो. गर्दी हे निमित्त. खरे कारण ओटीपोटात दडलेली एक ग्रंथी हे असते आणि तिचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, असा मराठी मध्यमवर्गाचा अलिखित संकेत आहे.

या ग्रंथीला प्रोस्टेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुढे उभा राहणारा’ असा; त्यावरून परिभाषाकारांनी ‘पुरःस्थ ग्रंथी’ असे नाव घडवले. आयुर्वेदातून आलेला ‘अष्ठीला’ हा शब्दही मराठीत आहे. सुश्रुताने मूत्राघाताचे जे बारा प्रकार सांगितले, त्यांत वाताष्ठीला येते. घट्ट, गोल दगडासारख्या गाठीमुळे लघवी अडते, असे ते वर्णन आहे. म्हणजे विकार नवा नाही आणि शब्दही नवा नाही. तरी बोलण्यात यांपैकी एकही शब्द रुळला नाही. लोक ‘प्रोस्टेट’ म्हणतात आणि तेही डॉक्टरच्या खोलीचे दार लावून घेतल्यावर. गर्भाशयाचे नाव घराघरांत उच्चारले जाते. पुरुषाच्या शरीरातील या ग्रंथीचे नाव अनेक पदवीधरांना ती दुखू लागेपर्यंत ठाऊक नसते.

ग्रंथीची जागाच अशी की तिच्या वाढीचा त्रास व्हावा. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला चहूकडून वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा, वजन सुमारे २० ग्रॅम. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. पन्नाशी ते साठीच्या दरम्यानच्या सुमारे निम्म्या पुरुषांत अशी वाढ आढळते आणि ऐंशीच्या पुढे गेलेल्यांपैकी फार थोडे तिच्यातून सुटतात. अर्थात वाढ झालेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. मोठी ग्रंथी घेऊन निवांत झोपणारे पुरुष असतात, तसे लहानशा वाढीने बेजार होणारेही असतात. वाढ किती झाली यापेक्षा ती नलिकेला कुठे आणि कशी दाबते, यावर सारे अवलंबून असते. म्हणूनच सोनोग्राफीच्या अहवालातील ग्रॅमचा आकडा वाचून घाबरणे जितके व्यर्थ, तितकेच तो लहान आहे म्हणून तक्रार अंगावर काढणेही व्यर्थ.

तक्रारी ठरावीक असतात. लघवीला उभे राहिल्यावर ती सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, झाल्यानंतरही थेंब थेंब गळतात, पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही आणि रात्री दोनदा, तीनदा, चारदा उठावे लागते. यांतले एकेक लक्षण इतक्या सावकाश येते की माणूस त्याच्याशी जुळवून घेतो. बसस्थानकावर उतरल्यावर प्रथम मुतारी शोधायची, नाटकाला कडेची खुर्ची घ्यायची, लग्नाला जाण्यापूर्वी चहा टाळायचा, या सवयी कधी लागल्या हे त्यालाही सांगता येत नाही. विचारले तर उत्तर एकच असते: वय झाले. मराठीत या दोन शब्दांनी जेवढे आजार झाकले असतील, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने झाकले असतील.

एके काळी निदान झाकणे कठीण होते. पेठेतील वाड्यांत शौचकूप मागच्या अंगणात, चार बिऱ्हाडांना मिळून एक. रात्री उठायचे तर जिना उतरावा लागे. जिन्याच्या फळ्या कुरकुरत, कडी वाजे, खालच्या बिऱ्हाडाचा कुत्रा भुंके. वरच्या मजल्यावरचे आजोबा रात्रीतून किती वेळा उठतात, हे साऱ्या वाड्याला माहीत असे आणि सकाळी कोणीतरी वैद्याचे नाव सुचवी. वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या आणि शयनगृहाला लागूनच स्नानगृह आले. ही सोय मोठीच. तिच्यामुळे किती वृद्धांचे खुब्याचे हाड वाचले असेल याची गणती नाही. पण तिने हा आजार दृष्टिआड केला. आता शेजारच्या पलंगावर झोपलेल्या पत्नीखेरीज कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही आणि पत्नीने विषय काढला तर ‘काही नाही, पाणी जास्त प्यालो’ हे उत्तर तयार असते.

मग पाणीच कमी केले जाते. पुरुषांनी स्वतःवर करून घेतलेल्या उपचारांपैकी हा सर्वांत प्रचलित आणि बहुधा सर्वांत घातक. दिवसभर पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जंतुसंसर्ग आणि खडे यांना वाट मिळते, बद्धकोष्ठ होते आणि कोठा साफ नसला की लघवी अधिकच अडते. झोपण्यापूर्वीचे दोन तास पाणी, चहा आणि मद्य टाळणे वेगळे व दिवसभर तहान मारणे वेगळे. शिवाय रात्रीच्या प्रत्येक उठण्याला प्रोस्टेटच कारणीभूत असते असेही नाही. मधुमेहात लघवी जास्त होतेच. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी सकाळऐवजी संध्याकाळी घेतली तर रात्र जाग्रणात जाते. हृदय दुबळे झाले असेल तर दिवसा पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर उतरते. घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडखळत असेल, तरी त्याला रात्री वारंवार उठावे लागते. यांपैकी कोणते कारण आहे, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरत नाही. शेजाऱ्याची गोळी मागून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. तिच्याने तर मुळीच ठरत नाही.

हा अबोला केवळ संकोचातून आला आहे काय? तसे म्हणणे अपुरे होईल. त्याच्यामागे एक जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा धागा बुधवार पेठेपर्यंत येतो. पेनिसिलिन उपलब्ध होण्यापूर्वी, म्हणजे गेल्या शतकाच्या चाळिशीपर्यंत, परम्यावर खात्रीचा इलाज नव्हता. परमा बरा झाल्यासारखा वाटला तरी मूत्रनलिकेत व्रण राही, वर्षानुवर्षांनी ती आकसे आणि लघवीची धार बारीक होई. परिणामी ‘लघवी नीट होत नाही’ असे एखाद्या प्रौढ पुरुषाने म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या तारुण्यातील वाटा उभ्या राहत. पुण्यात त्या वाटांना लोकांनी एकाच पेठेचे नाव देऊन टाकले. देहविक्रयाची वस्ती या पेठेच्या काही गल्ल्यांत आहे, हे खरे. पण पेठेचे नाव निघताच डोळे मिचकावणारे शहर त्या गल्ल्यांत ये-जा करणाऱ्या पुरुषांविषयी मात्र मौन पाळते. लाज पुरुषांची आणि तिचा बोजा तिथे राहणाऱ्या स्त्रियांच्या माथी, असा हा न्याय आहे. वस्तुतः वयोमानाने होणाऱ्या प्रोस्टेटच्या वाढीचा चालचलणुकीशी काहीही संबंध नाही. ती संन्याशालाही होते आणि संसाऱ्यालाही होते. नव्वद टक्के आयुष्य शाळेच्या फळ्यासमोर काढलेल्या शिक्षकालाही होते. परम्यावर औषध येऊन ऐंशी वर्षे होत आली. त्याच्याबरोबर आलेला संशय मात्र अजून बरा झालेला नाही.

या संशयावर एक सबंध व्यापार पोसला गेला. रेल्वेच्या डब्यांत, मुताऱ्यांच्या भिंतींवर आणि भित्तिपत्रकांवर ‘गुप्तरोग’ हा शब्द ठळक अक्षरांत वाचत महाराष्ट्रातील पुरुषांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. लघवीची तक्रार, स्वप्नावस्था, अशक्तपणा आणि संततीचा अभाव हे सारे एकाच पाटीखाली कोंबणाऱ्या भोंदूंना एक गोष्ट पक्की कळली होती: जो रोग गुप्त ठेवायचा, त्याच्या बिलाची तक्रारही कोणी करत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून हे गुप्ततेचे झाकण उघडण्याचा यत्न केला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ साली त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. १९५३ साली कर्वे गेले आणि मासिकही त्यांच्याबरोबर गेले. ते मासिक विकत घेणे ही त्या काळी हिंमतीची गोष्ट होती. आज भ्रमणध्वनीवर वाटेल ते वाचायला मिळते, पण ओटीपोटाच्या तक्रारीचा शोध घेणाऱ्याच्या पुढ्यात त्यावर प्रथम येतात त्या चूर्णांच्या जाहिरातीच. भिंत बदलली, पाटी तीच राहिली.

मौनाची किंमत बहुधा एखाद्या रात्री द्यावी लागते. सर्दी झाली म्हणून दुकानातून आणलेली गोळी, लग्नाच्या पंगतीनंतर लांबलेला बसचा प्रवास, थंडीची रात्र, मद्याचे दोन पेले. यांतले काहीही निमित्त पुरते आणि लघवी एकाएकी तुंबते. मूत्राशय नाभीपर्यंत फुगते, माणूस घाम फुटून तळमळतो आणि ज्या गोष्टीचा उच्चार पाच वर्षे टाळला, ती मध्यरात्री रिक्षावाल्यापासून सुनेपर्यंत सर्वांना कळते. कॅथेटर घातला की दोन मिनिटांत सुटका होते. याहून वाईट प्रकार तो, की ज्यात तळमळ होतच नाही. मूत्राशय सावकाश ताणत जाते, वेदना नसते, तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर येतो आणि भूक मंदावली, अंगावर सूज आली म्हणून रक्त तपासावे तर मूत्रपिंडे निकामी होत आलेली असतात. ज्या विकारावर साधे उपाय होते, त्याने डायलिसिसच्या दारापर्यंत नेऊन ठेवलेली माणसे रुग्णालयांतून आजही दिसतात. आजार बिकट म्हणून ती तिथे आलेली नसतात. उशिरा बोलली म्हणून आलेली असतात.

हे उपाय काय आहेत, याविषयीचे भय हेही मौनाचे एक कारण आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते भय रास्त होते. लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्याने स्वतःच दिवसातून अनेकदा नळी घालून घ्यायची आणि जंतुसंसर्गाने मरण येईपर्यंत जगायचे, असा तो काळ होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसएक वर्षे काढून, मूतखड्यांच्या शस्त्रक्रियांत हात बसवून इंग्लंडला परतलेल्या पीटर फ्रेयर या आयरिश शल्यवैद्याने डिसेंबर १९०० मध्ये लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात ओटीपोटातून मूत्राशय उघडून प्रोस्टेटची वाढ बोटाने कोरून काढली. ही युक्ती आपलीच म्हणून इतरांनी त्याच्याशी वाद घातला, पण ती जगभर पसरली ती त्याच्या नावाने. उत्तर हिंदुस्थानातील रुग्णांवर कमावलेले कौशल्य लंडनमध्ये नावारूपाला आले, ही गोष्ट आपल्या वैद्यकाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. पुढे १९४५ साली टेरेन्स मिलिन याने मूत्राशय न उघडता ही शस्त्रक्रिया करून दाखवली आणि त्यानंतरच्या दशकांत मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून वाढ खरवडून काढण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणून लोक जिला ओळखतात ती हीच. अलीकडे लेसर आला. आणि मुख्य म्हणजे बहुसंख्य रुग्णांना प्रारंभी शस्त्रक्रिया लागतही नाही. एका प्रकारच्या गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात आणि काही दिवसांत आराम वाटतो; त्या घेणाऱ्याने अंथरुणातून झटकन उठू नये, एवढी काळजी घ्यावी लागते, कारण चक्कर येऊ शकते. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या ग्रंथीच लहान करतात, पण त्यांना सहा महिन्यांचा धीर द्यावा लागतो.

आणखी एक भय अधिक खोल असते आणि ते डॉक्टरांपुढेही नीट व्यक्त होत नाही. शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाईल, ही ती भीती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते, हे खरे. साठीतल्या माणसाला त्याने अपाय होत नाही. संबंधाची क्षमता मात्र बहुसंख्यांची होती तशीच राहते. हे आधी समजावून सांगितले तर अर्धा धसका ओसरतो. ते सांगायला ज्यांना सवड नसते, अशा शल्यवैद्यांनी रुग्णांच्या भित्रेपणाविषयी तक्रार करू नये.

आता कर्करोगाविषयी. इथे मात्र ‘लक्षण दिसले की डॉक्टरकडे जा’ हा सुटसुटीत उपदेश अपुरा पडतो. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात होते, म्हणून ती नलिका दाबते आणि लवकर कळते. कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात उगवतो, म्हणून तो प्रारंभी काहीच सांगत नाही. साध्या वाढीचे रूपांतर कर्करोगात होत नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण दोन्ही एकाच ग्रंथीत शेजारी शेजारी नांदू शकतात. वाढ काढून टाकली तरी बाहेरचे कवच मागे राहते, त्यामुळे ‘माझे प्रोस्टेट काढले, आता चिंता नाही’ हा समजही खरा नव्हे. हा रोग हाडांत उतरण्याकडे कल असलेला आहे. उतारवयातील माणसाची कंबरदुखी तेलाने, शेकाने, पट्ट्याने थांबत नसेल, तर निदान एकदा या दिशेने पाहिले पाहिजे. पाश्चात्त्यांचा हा आजार, आपल्याकडे विरळ, असे म्हणण्याची रीत होती. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २००९ ते २०११ या काळातील आकड्यांनुसार दिल्ली, कोलकाता, पुणे आणि तिरुवनंतपुरम या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा क्रमांक दुसरा होता, मुंबईत तिसरा. आयुर्मान वाढले, तपासण्या वाढल्या, तसा तो नोंदीत वर सरकला.

यावर पीएसए नावाची रक्ततपासणी आहे आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या ‘संपूर्ण तपासणी’च्या यादीत ती आता हमखास असते. तपासणी उपयुक्त आहे. पण जिच्याकडे पास-नापासाचा निकाल म्हणून पाहावे अशी ती नव्हे. प्रोस्टेटची साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकताच घातलेला कॅथेटर यांनीही तिचा आकडा वाढतो. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो सुमारे निम्म्याने खाली दिसतो आणि तिथेच खोटी निश्चिंती वाटते. ही तपासणी सरसकट करावी की नाही, यावर जगात तीस वर्षे वाद चालला आहे. अमेरिकेतील सरकारनियुक्त तज्ज्ञमंडळाने २०१२ साली ती करू नये असे सांगितले आणि २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, अशी दुरुस्ती केली. युरोपातील मोठ्या पाहणीचा २३ वर्षांचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला: तपासणीला बोलावलेल्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले, म्हणजे दर ४५६ जणांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. दुसरीकडे, ब्रिटनमधील एका पाहणीत प्राथमिक अवस्थेतील रोग्यांचे तीन गट केले होते. एकाची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला किरणोपचार दिले, तिसऱ्यावर केवळ नजर ठेवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या हिशेबात तिन्ही गटांत या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. तेव्हा कर्करोग हा शब्द ऐकताच दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेची तारीख घेणे हा शहाणपणा असेलच असे नाही. काही कर्करोग घाईने गाठावे लागतात. काहींच्या बाबतीत नियमित तपासणी करत थांबणे हाच उपचार असतो. दोहोंतला फरक ठरवणे हे तज्ज्ञाचे काम. प्रयोगशाळेच्या छापील चौकटीतल्या लाल आकड्याचे ते काम नव्हे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल, तर मात्र धोका सुमारे दुप्पट मानतात आणि अशा घरातील पुरुषाने पन्नाशीची वाट पाहू नये. तो झाला होता हे मुलांना कळलेच नसेल तर काय करायचे, हा प्रश्न पुन्हा अबोल्यापाशीच येऊन थांबतो.

मौन केवळ पेठेतल्या वाड्याचे नाही, राजप्रासादांचेही आहे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना १९८१ साली, निवडून आल्यानंतर काही महिन्यांतच, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरल्याचे कळले. आपल्या प्रकृतीविषयी नियमित पत्रके काढण्याचे वचन त्यांनी दिले होते. पत्रके निघत राहिली आणि रोग १९९२ पर्यंत त्यांत आला नाही. अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये याच रोगावर शस्त्रक्रिया करून घेतली, ती आपल्या अध्यक्षांनाही न सांगता. पुढे प्रकृती बिघडून रुग्णालयात राहावे लागले तेव्हा गदारोळ झाला. सैन्याची सूत्रे हाती असलेल्या माणसालाही हे सांगणे जड गेले, यातच सारे आले. त्याच सुमारास, जानेवारी २०२४ मध्ये, ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी प्रोस्टेटच्या साध्या वाढीवर उपचार घेत असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या विकाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या दहा पटींहून अधिक झाली. आपल्याकडील पुढारी ‘किरकोळ तपासणीसाठी’ रुग्णालयात जातात आणि ‘विश्रांतीनंतर’ परततात. एखाद्या मंत्र्याने, नटाने वा कीर्तनकाराने आपल्या प्रोस्टेटचा उच्चार व्यासपीठावरून केला तर शंभर शिबिरांचे काम एका सायंकाळी होईल.

तरुणांनी हा म्हाताऱ्यांचा विषय म्हणून पान उलटू नये. प्रोस्टेटची सूज पंचविशी-तिशीतही येते. हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ, बैठकीच्या जागी ठणका अशी ती एकाएकी आली तर त्वरित उपचार लागतात आणि प्रतिजैविकांचा क्रम, बरे वाटले म्हणून, अर्ध्यावर सोडता येत नाही. वर्गावरून वर्गावर जाताना तास तास लघवी दाबून धरणारे शिक्षक आणि खिडकीवरून उठता येत नाही म्हणून तेच करणारे कारकून यांना वेगळे सांगायला नको. ही सवय उतारवयात फार महाग पडते. आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखत नसले तरी, ते कोणत्याही वयात तपासलेच पाहिजे. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याच्या बाबतीत तर विशेषच. कारण तिथे प्रोस्टेटपेक्षा मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका आधी घ्यावी लागते.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले थोडेच खर्चिक आहे. बाजारपेठांत मुताऱ्या वाढवणे, त्या स्वच्छ ठेवणे आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवणे हे महापालिकेचे कर्तव्य. या बाबतीत स्त्रियांची अवस्था पुरुषांहून कितीतरी वाईट आहे, हे आधी मान्य करायला हवे. पुरुष भिंत शोधतो, ही त्याची सोय नसून शहराची बेअब्रू आहे. कुटुंबाच्या डॉक्टरांनी पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाचा रक्तदाब मोजताना ‘रात्री किती वेळा उठता?’ एवढे विचारावे. रुग्ण आपण होऊन सांगत नाही, पण विचारले तर खोटेही बोलत नाही. लघवीच्या तक्रारी मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक गुणपत्रिका १९९२ पासून जगभर वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. गुण मोजण्याची सवय असलेल्या शिक्षकांना ती भरायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. शेवटी एक आठवा प्रश्न असतो: उरलेले आयुष्य याच अवस्थेत काढावे लागले तर कसे वाटेल? हा कागद मराठीत छापून निवृत्तांपर्यंत पोचवणे अवघड नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकांपुढे रांगा लावतात. त्या रांगेतल्या टेबलावर दाखल्याच्या अर्जाशेजारी ही पत्रिका ठेवता येईल. पेन तिथे दोरीने बांधलेले असतेच.